संत्र्यांचा काटा

परवा नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, संत्री घेताना ठेलेवाल्याशी थोडी हुज्जत झाली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर किलोभर भरलेली संत्री शेजारच्या जुन्या तराजूत टाकायला लावली. "पाहून घ्या ना भाऊ, फरक निघाला तर पैसे देऊ नका," तो म्हणाला. फरक निघाला नाही. तरी खरं सांगायचं तर हे दोन काटे एकच गोष्ट मोजत नाहीत.

तराजूच्या एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात संत्री. पृथ्वी दोन्हींना खाली ओढते. ही ओढ कमी झाली तर दोन्हीकडे सारखीच कमी होईल, दांडी आडवीच राहील. तराजू तुलना करतो ती वस्तुमानाची, म्हणजे संत्र्यांत द्रव्य किती आहे याची. इलेक्ट्रॉनिक काट्यात ताटाखाली धातूची पट्टी असते. भाराने ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा उमटतो. त्याला कळतं ते फक्त बल: पृथ्वी संत्र्यांना किती जोराने ओढते आहे, एवढंच. या ओढीलाच भौतिकशास्त्रात वजन म्हणतात आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. शंभर ग्रॅमचं लहानसं संत्रं तळहातावर ठेवा, हाताला जाणवेल तो भार जवळपास 1 न्यूटन. (न्यूटनच्या नावाला सफरचंद चिकटलंय, नागपूरकरांनी त्याजागी संत्रं ठेवायला हरकत नाही.)

मग काटा किलो कसे दाखवतो? 1 किलोचं प्रमाणित वजन ठेवून, एवढ्या बलाला '1.000' म्हणायचं, असं त्याला आधीच पढवलेलं असतं. गोम इथेच आहे. गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, ध्रुवावर 9.83, विषुववृत्तावर 9.78 आणि नागपुरात सुमारे 9.79 मीटर प्रति सेकंद वर्ग. ध्रुवावर जुळवलेला काटा बर्डीवर आणला तर किलोभर संत्री तो जवळपास 5 ग्रॅमने कमी दाखवेल आणि मापात पाप होईल ते ठेलेवाल्याच्याच अंगावर. आपला काटा चंद्रावर नेला तर किलोचे 165 ग्रॅमच भरतील. तराजू तिथेही किलोच म्हणेल.

बल म्हणजे फक्त वजन, असंही नाही. त्याच ठेल्याकडे बघा. मालासकट 200 किलो धरू. भार रस्त्याने पेललेला, उचलायचं काहीच नाही, तरी पहिला रेटा द्यायला त्याला छाती टेकवावी लागते. चाकं फिरली की एका हाताने भागतं. वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंदाने वाढवायचा, तर घर्षण सोडून वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणजे 200 गुणिले 0.5, 100 न्यूटन बल हवं. चंद्रावरही तेवढंच. तिथे हा ठेला उचलणं म्हणजे इथलं 33 किलोचं पोतं उचलण्यासारखं, पण धावत सुटून अंगावर आला तर मार इथल्याइतकाच बसेल.