पाव मिलिमीटरचा धक्का

कोल्हापुरात नेमबाजीचा विषय निघाला की आधी रायफलच आठवते. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पोटावर झोपून नेमबाजी) जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, आणि २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक ब्राँझ घेऊन आलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, दोघेही रायफलवाले. राही सरनोबतची वाट वेगळी, पिस्तुलाची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची नाफास्वान यांगपायबून ३४ वर बरोबरीत आल्या. शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची जादा फेरी, झाला, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये सुवर्ण राहीकडे आलं.

रायफलीचा धक्का झेलायला खांदा असतो. पिस्तूल एका हातात धरायचं, मनगटाला कसलाही आधार चालत नाही. म्हणून पिस्तूल 'सेट' करण्याचा, म्हणजे ते हाताला आणि काडतुसाला जुळवून घेण्याचा इतिहास हा मुख्यतः या धक्क्याचा इतिहास आहे. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर नव्याने उभं राहणाऱ्या पोरापोरींना तो माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

या पिस्तुलातल्या काडतुसाचं नावच .२२ लाँग रायफल, त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची. ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते, तेव्हा सव्वा किलोचं पिस्तूल उलट दिशेला ढकललं जातं. गोळी १२ सेंटिमीटरच्या नळीत असतानाच पिस्तूल जवळपास पाव मिलिमीटर मागे सरकलेलं असतं. शिवाय नळी तळहाताच्या वर असल्याने ते सरळ मागे न जाता नळीचं तोंड वर करतं. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर नियमाने जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. त्या दोन्ही एका रेषेत धरताना दशांश मिलिमीटरची चूक झाली तर २५ मीटरवर गोळी ११ मिलिमीटर सरकते. मूठ दर वेळी निराळी बसली की हा धक्काही दर वेळी निराळ्या दिशेला जातो. मग नेम चांगला असूनही ग्रुप फुटतो, म्हणजे गोळ्या एकत्र न पडता विखुरतात.

यावर पहिला जोरदार उपाय शोधला गेला तो पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये. तिथे पाच टार्गेटांवर पाच गोळ्या, तीही आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत. चार सेकंदांत पाच वेळा नेम धरायचा तर वर उडालेलं तोंड खाली येण्याची वाट बघायला वेळच नसतो. म्हणून हलकी गोळी आणि कमी दारू असलेलं .२२ शॉर्ट काडतूस वापरात आलं. १९३६ साली बर्लिनला कॉर्नेलियस फान ओयेनने सुवर्ण जिंकलं ते वॉल्थरच्या ऑलिंपिया पिस्तुलाने. पुढे नळीला वरून भोकं पाडून धूर वर सोडायला सुरुवात झाली, म्हणजे तोंड खाली दाबलं जाईल.

सोव्हिएत कारागीर आणखी पुढे गेले. त्यांनी 'एमत्से-३' हे पिस्तूल जणू उलटं करूनच घडवलं. नळी इतकी खाली आणली की धक्का थेट हाताच्या रेषेत यावा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकनंतर ते नियमांनी बाद केलं. आज नळीचा अक्ष अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्याच्या वरून गेलाच पाहिजे, आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. मला हा नियम योग्य वाटतो, नाहीतर ही स्पर्धा नेमबाजांपेक्षा कारखान्यांचीच झाली असती.

२००४ च्या अथेन्सला जर्मनीच्या राल्फ शूमानने रॅपिड फायरचं सुवर्ण घेतलं आणि .२२ शॉर्टचा काळ संपला. २००५ पासून तिथेही लाँग रायफल काडतूस आणि किमान १००० ग्रॅम दाब लागणारा ट्रिगर आला. नळीची भोकं आणि नळीच्या तोंडाला लावायचे, धक्का कमी करणारे ब्रेक बंद झाले. थोडक्यात, पुरुषांना त्या पिस्तुलाकडे यावं लागलं, ज्याच्याशी १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या महिला आधीच झगडत होत्या. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, सांगायला हवी.

मग उरलं काय? वजन, मूठ आणि स्प्रिंग. १४०० ग्रॅमच्या मर्यादेत नळीखाली पुढे वजन लावलं की तोंड संथ उठतं, पण हात लवकर थकतो. लाकडी मूठ तळव्याप्रमाणे कानस आणि पुट्टी लावून घडवायची. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. महिलांच्या २५ मीटर स्पर्धेतल्या रॅपिड टप्प्यात तीन सेकंदांत एकच गोळी असते आणि मध्ये हात खाली येतो, त्यामुळे तिथे धक्का किती यापेक्षा तो दर वेळी सारखा आहे का, हे महत्त्वाचं.

स्प्रिंगपाशी धक्का आणि भरवसा एकमेकांना भिडतात. या पिस्तुलांत बोल्टला, म्हणजे गोळी सुटली की मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर टाकणाऱ्या भागाला, कुलूप नसतं. त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं चालतं. स्प्रिंग मऊ असेल तर बोल्ट मागे जाऊन दणकतो. कडक असेल तर बोल्ट पुरता मागे जात नाही, रिकामं काडतूस अडकतं आणि पुढे येताना तोंड खाली झुकतं. म्हणून आधी काडतुसाचा एकच ब्रँड आणि लॉट (एका वेळी बनलेला साठा) पक्का करायचा, मग त्याच्यावर स्प्रिंग जुळवायची. उलटं केलं तर फसगत ठरलेली. .२२ च्या बुडाला काठ असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे गेला तरी पिस्तूल अडतं, आणि दोष मात्र स्प्रिंगला दिला जातो. ट्रिगर आणि आतल्या भागांना परवानाधारक आर्मररनेच, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरानेच, हात लावावा.

हवामानही यात आलंच. आपल्या पावसाळ्यात दमट हवेने गंज चढतो, म्हणून तेलाचा हात जरा सढळ पडतो. तेच तेल घेऊन डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या तुघलकाबादला, कर्णीसिंग रेंजवर पहाटेच्या डिटेलला (पाळीला) उभं राहिलं की ते थंडीने दाटतं, बोल्ट मंदावतो आणि कोल्हापुरात महिनाभर न अडलेलं पिस्तूल सायटिंगलाच, म्हणजे स्पर्धेआधीच्या सरावाच्या गोळ्यांनाच, अडतं. जाण्याआधी ते पुसून कोरडं करायचं आणि पातळ तेलाचा एखादाच थेंब द्यायचा.