पाइप नसलेल्या भिंतीला ओल येते कुठून?

घोडबंदर रोडचा नवा टॉवर असो की नेरुळमधला जुना फ्लॅट, हॉल आणि बेडरूमच्या मधे हल्ली जिप्सम बोर्डचं पार्टिशन सर्रास उभं राहतं. विटा नाहीत, रेती-सिमेंटचा राडा नाही, काम झटपट. मग जुलैच्या अखेरीस हॉलमधलं कपाट जरा पुढे ओढावं, तर मागे काळे ठिपके आणि स्क्रूच्या डोक्यांभोवती तपकिरी गोल. पहिला फोन जातो प्लंबरला. त्या भिंतीत पाइपच नसतो.

पाणी मात्र बोर्डात पहिल्यापासून असतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या स्फटिकात वजनाने जवळपास 21 टक्के पाणी बांधलेलं असतं. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर कोरड्या बोर्डात ते दीड लिटरच्या आसपास भरतं. त्याचा उपद्रव नाही. उलट आग लागली तर त्याची वाफ होताना बरीच उष्णता खर्ची पडते आणि भिंत काही काळ तग धरते.

घात करतं ते बाहेरून शिरलेलं मोकळं पाणी. जिप्समचे स्फटिक सुयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात आणि बोर्डाची सगळी ताकद त्या गुंत्यात असते. जिप्सम पाण्यात किंचित विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. ओल मुरली की सुयांचे सांधे ढिले पडतात, बोर्ड अंगठ्याने दाबला तरी दबतो. बुरशीला जिप्सममध्ये काही खायला नसतं. ती पोसते बोर्डाच्या दोन्ही अंगांना चिकटवलेल्या कागदावर.

आता पाइपशिवायचं पाणी. पावसाळ्यात हॉलची हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के धरा. अशा एक घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम बाष्प असतं. पलीकडे बेडरूमचा एसी 22 वर. हॉलची हवा स्विचबोर्डच्या भोकांतून, फॉल्स सीलिंगच्या फटीतून पार्टिशनच्या दोन बोर्डांमधल्या पोकळीत शिरते आणि बेडरूमकडच्या बोर्डाच्या पाठीला टेकते. तिथे तापमान साधारण 25 अंश, आणि 25 अंशांची हवा 23 ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प धरू शकत नाही. उरलेलं पाणी बोर्डावर सुटतं, रात्रभर, कुणाला न दिसता. हॉलच्या बाजूला कपाटामागे हवा खेळत नाही, तिथे थेंब सुटायचीही गरज नसते: पृष्ठभागाजवळची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचं भागतं.

म्हणून त्यावर पुट्टी आणि ऑइल पेंट मारून घेणं हा सर्वांत वाईट उपाय. ओल आत कोंडते, पुढच्या पावसात पोपडे ठरलेले. एसी 26 वर आणला तर याच आकड्यांत बोर्डाची पाठ 27 अंशांच्या थोडी वर राहते आणि पाणी सुटणं जवळपास थांबतं. स्विचबोर्डच्या फटी सिलिकॉनने बुजवाव्यात, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावं. कागदावर खोलवर बुरशी चढली असेल, तर पुसत न बसता तेवढा तुकडा कापून बदलावा.

बाथरूमलगतच्या भिंतीसाठी कंत्राटदार हिरवा बोर्ड दाखवून "वॉटरप्रूफ आहे, ताई" म्हणेल. तो पाणी कमी शोषतो, एवढंच. शॉवरखाली सिमेंट बोर्ड आणि त्यावर वॉटरप्रूफिंगच हवं. शिवाय कुठलाही जिप्सम बोर्ड लादीला टेकवून बसवू देऊ नका; खाली सेंटीमीटरभर फट ठेवून वर स्कर्टिंग लावायला सांगा, नाहीतर रोज लादी पुसतानाचं पाणी तो खालून ओढून घेतो.