तारा फुटत नाही, विरत जातो

दसरा झाला की बेळगावचं आभाळ एकदाचं मोकळं होतं. खानापूरहून जांबोटी-कणकुंबीच्या वाटेला लागलं आणि शहराचा उजेड मागे पडला की रात्री आठच्या सुमारास वायव्येला अभिजित तारा ठळक दिसतो. त्याच्याजवळच, स्वरमंडळातल्या दोन ताऱ्यांमध्ये, चार इंची दुर्बिणीतून निपाणीच्या विडीच्या धुराचं वेटोळं असावं तसं एक राखाडी कडं दिसतं. हा एम ५७, कंकण तेजोमेघ, म्हणजे एका मरत्या ताऱ्याने सोडलेला, उजळलेला वायू. फोटोतल्या रंगांची मात्र अपेक्षा ठेवू नका, डोळ्यांना ते दिसत नाहीत.

तारा मेला म्हणजे स्फोट झाला, असं बरेच जण धरून चालतात. स्फोट होतो तो सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड ताऱ्यांचा. सूर्यासारख्यांची गोष्ट वेगळी. गाभ्यातला हायड्रोजन संपला की असा तारा फुगून तांबडा होतो आणि शेवटी शेवटी धपापू लागतो, म्हणजे आळीपाळीने फुगतो-आकसतो. तिमिंगल समूहातल्या मीरा ताऱ्याचं असं एक धपापणं साधारण ३३२ दिवसांचं आहे. दर उसळीला वरचा वायू आणखी वर जातो, तिथे निवतो आणि त्यात धुळीचे कण तयार होतात. सगळी मेख या धुळीत आहे. वायू प्रकाशाला फारसा अडवत नाही, धूळ अडवते. म्हणून प्रकाशाचा दाब धुळीला बाहेर रेटतो आणि धूळ जाताना वायूलाही ओढून नेते. वेग सेकंदाला १०-२० किलोमीटर, पण जोर चढला तर लाखभर वर्षांत एका सूर्याइतकं वस्तुमान निघून जाऊ शकतं!

मग उघडा पडलेला गाभा ३० हजार अंशांच्या वर तापतो आणि त्याच्या अतिनील किरणांनी आधी बाहेर पडलेला वायू उजळतो. १८६४ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी अशाच एका तेजोमेघाचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगांत केलेली फोड, पाहिला. त्यातल्या हिरव्या रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ हे नवंच मूलद्रव्य कल्पलं गेलं. पुढे साठेक वर्षांनी अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं. तो होता दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन. अतिविरळ वायूतच तो असा चमकतो. दाट वायूत अणू एकमेकांवर आदळतात आणि चमकायच्या आतच ऊर्जा गमावून बसतात.

हा झगमगाट जेमतेम १०-२० हजार वर्षांचा. वायू पांगतो आणि ताऱ्यात शिजलेला कार्बन, नायट्रोजन घेऊन पुढच्या ताऱ्यांच्या कच्च्या मालात मिसळतो. मागे उरतो श्वेतबटू, म्हणजे ताऱ्याचा पृथ्वीएवढा, हळूहळू निवत जाणारा गाभा. सूर्याची पाळी अजून सुमारे ५ अब्ज वर्षं लांब आहे. तोही जवळपास निम्मं वस्तुमान गमावेल, पण त्याचा तेजोमेघ फिकाच असेल, असं गणित सांगतं.