टॅबलेटवरचा लंबक ऊर्जा कोठून आणतो?

जुना शैक्षणिक पाठ टॅबलेटवर उघडला की प्रयोगाच्या जागी राखाडी चौकोन दिसतो आणि ‘टॅबलेटची ताकद कमी पडते’ असे निदान करून बहुतेक जण मोकळे होतात. वास्तविक हे पाठ ज्या संगणकांवर तयार झाले, त्यांच्यापेक्षा आजचा साधा टॅबलेटही कितीतरी वेगवान आहे. खरा प्रश्न त्या चौकोनावर ताबा कोणाचा होता, हा आहे.

पूर्वीच्या ब्राउझरला मजकूर, चित्रे आणि दुवे यांपलीकडे फारसे काही दाखवता येत नसे. म्हणून तो पानावरचा एक आयत प्लगइन नावाच्या बाहेरच्या प्रोग्रामच्या स्वाधीन करी. घरमालकाने एक खोली भाड्याने द्यावी आणि आत काय चालले आहे ते पुन्हा पाहू नये, तसा हा व्यवहार होता. हा प्रोग्राम ठरावीक प्रोसेसर आणि ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यासाठीच बांधलेला असल्यामुळे यंत्राचा प्रकार बदलला की तो पुन्हा बांधावा लागे. शिवाय त्यातील त्रुटींमधून घुसखोरांना वाट मिळे. शैक्षणिक पाठांत फ्लॅश हा असाच एक प्लगइन फार वापरला जाई. आयपॅड २०१० मध्ये फ्लॅशविनाच आला, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॅश बनवणाऱ्या अडोबी कंपनीने मोबाइल ब्राउझरसाठीच्या फ्लॅशचा विकास थांबवल्याचे जाहीर केले आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच आशय चालवण्यास नकार देऊ लागला.

आता रेखाटनाचे काम ब्राउझरच करतो: पानावरच्या कॅनव्हास नावाच्या रेखाटनफलकावर चित्र उमटते आणि जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम ते हलवतो. मात्र जुना पाठ नव्या भाषेत ओळीस ओळ उतरवला की एक मजेशीर बिघाड होतो. फ्लॅशमध्ये चित्रचौकटींचा दर लेखक ठरवी, उदाहरणार्थ सेकंदाला २४. आणि अनेक लेखक लंबकाची हालचाल थेट चौकटीला बांधून टाकत. नव्या पद्धतीत पडद्यावरचे चित्र दर वेळी नव्याने उमटण्याआधी ब्राउझर प्रोग्रामला हाक मारतो, म्हणजे काही टॅबलेटांवर सेकंदाला ६० वेळा, तर काहींवर १२० वेळा. साहजिकच तोच लंबक एका टॅबलेटवर अडीच पट आणि दुसऱ्यावर पाच पट वेगाने झुलतो. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, सुमारे २ सेकंद असतो, हे शिकवणाऱ्या पाठात ही चूक क्षम्य नाही.

यावर उपाय म्हणजे दोन हाकांमधला खरा वेळ मोजून तेवढ्याच काळाची हालचाल करणे. पण येथे दुसरा सापळा आहे. सरळसोट पद्धतीत जुन्या वेगाने नवा कोन काढतात आणि जुन्या कोनावरून नवा वेग. लहान झोक्यांसाठी हिशेब मांडला, तर प्रत्येक टप्प्यात, म्हणजे दोन हाकांमधल्या हालचालीत, लंबकाची ऊर्जा (१ + g·t²/L) पट होते. येथे g म्हणजे गुरुत्व त्वरण, L म्हणजे लांबी आणि t म्हणजे टप्प्याचा काळ. एक मीटरच्या लंबकासाठी सेकंदाला ६० टप्पे घेतले की ही वाढ टप्प्यामागे जेमतेम ०.२७ टक्के भरते, परंतु ती साचत जाऊन सेकंदाला सुमारे १८ टक्के होते आणि दहा सेकंदांत झोका दुपटीहून मोठा होतो. ऊर्जा अक्षय्यतेचा धडा देणारे चित्रच शून्यातून ऊर्जा निर्माण करू लागते! दुरुस्ती मात्र दोन ओळींच्या क्रमात आहे: आधी नवा वेग काढायचा आणि नवा कोन काढताना तो नवा वेगच वापरायचा. एवढ्याने ऊर्जा किंचित वरखाली होत राहते, पण साचत नाही. दुसऱ्या टॅबवर जाऊन परतल्यावर मोजलेला काळ अवाढव्य भरतो, म्हणून टप्प्याला कमाल मर्यादाही घालावी लागते.

‘एका क्लिकवर जुना पाठ नव्या रूपात’ अशा जाहिरातींकडे म्हणूनच संशयाने पाहावे. यंत्राला आकृत्या उतरवता येतात, लेखकाच्या मनातले भौतिकशास्त्र नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पाने आपली अनेक जावा (हेही एक जुने तंत्र) आणि फ्लॅश प्रात्यक्षिके एचटीएमएल-५ मध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या रूपात, नव्याने लिहिली, ती उगाच नव्हे. रफल हा फ्लॅशची नक्कल करणारा मुक्त प्रोग्राम प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच चालतो आणि जुन्या फाइलमधला मूळ चौकटदरही पाळतो, त्यामुळे अनेक जुने पाठ हात न लावता चालू होतात. पण माउसचा बाण हृदयाच्या आकृतीवर नेताच झडपेचे नाव दिसावे, अशी ज्या पाठाची रचना आहे, तो बोटासमोर अडतो. कारण पडद्याला न टेकलेले बोट कोठे आहे, हे टॅबलेटला सहसा कळतच नाही. तेथे नाव कायमचे छापावे की टिचकीनंतर दाखवावे, हा निर्णय पाठ लिहिणाऱ्यालाच घ्यावा लागतो.