डेड स्टॉक रजिस्टरात नसलेला रकाना

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा तिथं १७ बाळं होती. सात वाचली. दहा गेली, काही होरपळून आणि बरीचशी धुरानं गुदमरून. नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या समितीनं चौकशी केली, तेव्हा ठिणगीचं मूळ एका बेबी वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये निघालं.

त्यानंतर महाराष्ट्रात जी चर्चा झाली ती मुख्यतः आगीची होती. फायर ऑडिट झालं होतं का, अग्निशमन यंत्रणा का नव्हती, प्रस्ताव कुठं अडकला होता. हे प्रश्न विचारायलाच हवे होते. पण आग ज्या यंत्रातून निघाली, त्या यंत्राची देखभाल कुणी करायची, ती झाली की नाही हे कुणी पाहायचं, हा प्रश्न मागं पडला. त्या प्रश्नाचा इतिहास भंडाऱ्याच्या बराच आधी सुरू होतो.

वॉर्मर दिसायला साधा. वर तापणारी कांडी, खाली गादी, बाळाच्या पोटावर चिकटवलेला छोटा प्रोब. प्रोब त्वचेचं तापमान सांगतो आणि यंत्र त्यानुसार उष्णता कमी-जास्त करतं. बहुतेक वेळा ते ३६.५ अंश सेल्सिअसला लावलेलं असतं. जिल्हा रुग्णालयात हे यंत्र क्वचितच बंद होतं. एक बाळ उचललं की दुसरं ठेवलं जातं. कांडीवर धूळ बसते, वायरींचं आवरण उष्णतेनं कडक होऊन तडकतं, प्रोब चुकीचा आकडा दाखवू लागतो. शेजारीच ऑक्सिजन सुरू असतो, आणि ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेत बारीक ठिणगीही भडकायला वेळ लागत नाही. म्हणून वॉर्मर ठरावीक दिवसांनी खोलून साफ करणं, प्रोब तपासणं, अर्थिंग आणि विजेची गळती मोजणं ही कामं बाळाला दूध देण्याइतकीच आवश्यक आहेत.

ती करायची कुणी? सरकारी रुग्णालयात या एका यंत्राभोवती किती हात असतात ते पाहा. खरेदी वरच्या पातळीवरून होते. दुरुस्ती कंत्राटदार कंपनीकडं. भिंतीतला सॉकेट आणि त्यामागची वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडं. आग विझवण्याच्या सोयीबद्दल बोलायचं तर स्थानिक अग्निशमन दल. सॉकेट कमी पडला म्हणून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड स्थानिक खरेदीतला. आणि रात्री दोन वाजता यंत्रासमोर उभी असते ती सिस्टर. यातल्या प्रत्येकाला आपापला तुकडा माहीत असतो. सगळे तुकडे जोडून पाहणारा माणूस रुग्णालयाच्या मंजूर पदांच्या आकृतिबंधात कित्येक वर्षं नव्हताच.

त्याचं एक कारण जुन्या हिशेबपद्धतीत आहे. सरकारी कार्यालयातली टिकाऊ वस्तू डेड स्टॉक रजिस्टरात चढते. मुंबई वित्तीय नियम, १९५९ नुसार तिची पडताळणी व्हायची असते. लेखापरीक्षक येतो, रजिस्टरातली नोंद वाचतो आणि वस्तू जागेवर आहे का ते बघतो. लाकडी कपाट आणि व्हेंटिलेटर या रजिस्टरात शेजारी-शेजारी बसतात. वस्तू आहे की नाही, एवढाच रकाना. ती चालते का, बरोबर मोजते का, यासाठी तिथं जागा नाही. त्यामुळं हरवलेल्या यंत्राची जबाबदारी ताबडतोब ठरते, बिघडलेल्या यंत्राची ठरत नाही. बंद पडलेलं यंत्र निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरातून काढून टाकण्याची, मंजुरी मिळेपर्यंत व्हरांड्यात किंवा जिन्याखाली पडून राहतं, आणि कागदावर मात्र रुग्णालयाकडं ते ‘असतं’.

बाहेरच्या जगात या विषयाला वेगळं वळण लागलं ते विजेच्या भीतीनं. १९६० च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत मॉनिटर, पेसमेकर, कॅथेटर यांची गर्दी झाली. हृदयापर्यंत तार गेलेल्या रुग्णाला एरवी जाणवणारही नाही इतक्या सूक्ष्म प्रवाहानं धोका होऊ शकतो, हे लक्षात आलं. १९७१ मध्ये ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर यांनी लिहिलं की वर्षाला १२०० अमेरिकी रुग्ण रुग्णालयात विजेच्या धक्क्यानं मरतात. या आकड्याला पुरावा कधीच मिळाला नाही. पण खळबळ इतकी उडाली की मोठ्या रुग्णालयांनी स्वतःचे अभियंते नेमले, यंत्रांची विद्युत तपासणी नियमित सुरू झाली आणि क्लिनिकल इंजिनिअरिंग ही शाखा रुजली. १९७७ मध्ये वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. आकडा कच्चा होता, तरी त्यातून उभी राहिलेली व्यवस्था पक्की ठरली.

रुग्णालयात स्वतःचा तंत्रज्ञ असण्याला किती अर्थ आहे, हे दहा-पंधरा वर्षांनी टेक्सासमधल्या टायलर इथं दिसलं. तिथल्या कर्करोग केंद्रात थेरॅक-२५ नावाचं किरणोपचार यंत्र होतं. मार्च १९८६ मध्ये उपचार चालू असताना पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी सूचना आली. ती नेहमीच्या किरकोळ अडथळ्यांपैकी एक समजून ऑपरेटरनं यंत्र पुन्हा सुरू केलं. आत रुग्णाला भाजल्यासारखा झटका बसला होता. तो ओरडला तरी बाहेर कळलं नाही, कारण त्या दिवशी खोलीतला इंटरकॉम बिघडलेला होता आणि कॅमेऱ्याच्या मॉनिटरचा प्लग काढलेला होता. मुख्य यंत्रापुढं क्षुल्लक वाटणाऱ्या या दोन वस्तू चालू असत्या तर पुढचा झटका टळला असता. असा जास्त मात्रेचा डोस आमच्या यंत्रातून जाऊच शकत नाही, असं निर्मात्या कंपनीचं म्हणणं होतं. यंत्र पुन्हा वापरात आलं आणि एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी दुसरा रुग्ण बळी पडला. तेव्हा केंद्रातले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर ऑपरेटरसह यंत्रासमोर बसले. त्यांनी तीच बटणं पुन्हा पुन्हा दाबली आणि दोष हवा तेव्हा घडवून दाखवला. ऑपरेटरनं भरलेली माहिती फार झटपट दुरुस्त केली की सॉफ्टवेअर चुकत होतं. १९८५ ते १९८७ दरम्यान या यंत्राचे असे सहा अपघात झाले. कंपनीच्या खात्रीवर विसंबून न राहता रुग्णालयातल्या माणसानं शोध घेतला, तेव्हा दोष बाहेर आला.

भारतात किरणांच्या यंत्रांना तसा पहारेकरी लवकर मिळाला. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. त्याचं मुख्यालय मुंबईत. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी क्ष-किरण, सीटी आणि किरणोपचार यंत्रांसाठी परवाना किंवा नोंदणी, जबाबदार सुरक्षा अधिकारी आणि ठरावीक मुदतीनं गुणवत्ता चाचणी बंधनकारक केली. तरीही यंत्राचं आयुष्य संपल्यावर काय होतं, हा कोपरा उघडा राहिला होता. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातलं वापराबाहेर गेलेलं गॅमा इरॅडिएटर, म्हणजे गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र, लिलावात भंगार म्हणून गेलं, मायापुरीच्या बाजारात फोडलं गेलं आणि कोबाल्ट-६० च्या किरणांनी एका कामगाराचा जीव गेला. कपाट निर्लेखित करावं तसं ते यंत्र निर्लेखित झालं होतं.

आज स्थिती अशी की एकाच रुग्णालयात एक्स-रे मशीन नियामक मंडळाच्या नजरेखाली आहे, आणि त्याच मजल्यावरचा व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, डीफिब्रिलेटर किंवा वॉर्मर वेळेवर तपासला जातो का हे बघणारी त्या ताकदीची कोणतीही संस्था नाही. हा फरक मला अजिबात पटत नाही. सिरिंज पंपानं औषध दुप्पट वेगानं सोडलं तर होणारं नुकसान किरणांपेक्षा कमी नसतं.

यंत्रांची संख्या मात्र झपाट्यानं वाढत होती. जिल्हा पातळीवरच्या नवजात कक्षाचा नमुना २००३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात उभा राहिला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आल्यावर तो देशभर पसरला. त्यानं असंख्य बाळं वाचली, हे आधी मान्य केलं पाहिजे. पण कक्ष उभारणीला निधी होता, उद्‌घाटनं झाली, आणि देखभालीचा खर्च वर्षाकाठी येणारा, फोटोत न दिसणारा. बहुतेक ठिकाणी हमीचा काळ संपला की वार्षिक देखभाल करार होईपर्यंत यंत्र देवाच्या भरवशावर.

हे किती खोल गेलं होतं ते केंद्र सरकारच्याच मोजणीत उघड झालं. २०१५ च्या जैववैद्यकीय उपकरण व्यवस्थापन आणि देखभाल कार्यक्रमासाठी २९ राज्यांतली यंत्रं मोजली गेली. २९ हजारांहून जास्त सरकारी आरोग्य संस्थांत साडेसात लाखांवर यंत्रं निघाली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के बंद होती. बंद म्हणजे ढोबळ अर्थानं बंद. चुकीचा आकडा दाखवत चालू असलेली यंत्रं यात धरलेली नाहीत. त्यानंतर यंत्रांना ओळख क्रमांक मिळाले, तक्रारीसाठी कॉल सेंटर आलं आणि कंपन्यांशी करार झाले. जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ यंत्र चालू राहिलं पाहिजे, नाहीतर दंड, अशी अट घातली गेली. यंत्र ‘आहे का’ याऐवजी ‘चालतं का’ असं सरकारी कागदावर पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर विचारलं गेलं. हा बदल मोठा होता. उणीव एवढीच की उत्तर कंपनीच्या अहवालातून येऊ लागलं, आणि तो अहवाल समजून खरा-खोटा करणारा बायोमेडिकल इंजिनिअर रुग्णालयाच्या बाजूनं अनेक ठिकाणी नव्हता, किंवा असला तर कंत्राटी आणि एकटा.

याच सुमारास मुंबईत दोन घटना घडल्या. २७ जानेवारी २०१८ रोजी नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला; चुंबकानं सिलिंडरसह त्याला खेचलं आणि त्याचा मृत्यू झाला. यंत्र बंद आहे असं आपल्याला सांगितलं गेल्याचं नातेवाइकांचं म्हणणं होतं. एमआरआयचं चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतं, ही गोष्ट त्या दारावर काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. नोव्हेंबर २०१९ मध्ये केईएममध्ये ईसीजी यंत्राच्या शॉर्टसर्किटनं लागलेल्या आगीत उत्तर प्रदेशातून हृदयाच्या उपचारासाठी आणलेलं काही महिन्यांचं बाळ भाजलं. त्याचा हात कापावा लागला, आणि दोन आठवड्यांनी ते गेलं. एका ठिकाणी यंत्र ठणठणीत होतं आणि प्रशिक्षण कमी पडलं. दुसऱ्या ठिकाणी यंत्रच दगा देऊन गेलं.

करोनाच्या काळात दोन्ही उणिवा एकत्र आल्या. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला पीएम केअर्समधून १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यातले ११३ वापरायला काढले आणि सगळे सदोष निघाले. ३७ खोक्यांतच राहिले. प्रकरण मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आलं. केंद्रानं बोट दाखवलं ते रुग्णालयातल्या सोयी आणि यंत्र हाताळणाऱ्यांकडं, डॉक्टरांचं म्हणणं की यंत्रं चालताना मध्येच थांबतात. न्यायालयानं दोषारोपापेक्षा रुग्णांच्या जिवाकडं बघायला सांगितलं. त्याआधी महिनाभर, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, दाब घसरला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. टाकी बसवून काही आठवडेच झाले होते.

भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या तपासण्यांचे आदेश निघाले होते. तरी ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या नव्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ जण गेले. १५ नोव्हेंबर २०२४ ला झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, पुन्हा नवजात कक्षातच, त्या रात्री १० बाळं गेली.

कायदा या काळात पुढं सरकला, पण एका बाजूनं. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. उपकरणामुळं झालेल्या इजेची नोंद करणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम ६ जुलै २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो. या दोन्हींचा रोख यंत्र बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. ते रुग्णालयात पोचल्यावर पुढची दहा वर्षं कसं सांभाळलं जातं, हे पाहण्याचं काम राहतं रुग्णालयाच्या नोंदणीच्या कायद्याकडं. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. इथं १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या संस्थेचं मानांकन यंत्रांची यादी, कॅलिब्रेशन (यंत्र बरोबर मोजतं का याची तपासणी) आणि देखभालीचं वेळापत्रक मागतं, पण ते ऐच्छिक आहे.

भंडाऱ्यात त्या रात्री धूर पहिल्यांदा दिसला तो कामावरच्या परिचारिकेला. पुढं जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर.