'डिफेनेस्ट्रेशन' : एका खिडकीची वंशावळ

एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकून देणे, एवढ्या एकाच कृत्यासाठी इंग्रजीत 'डिफेनेस्ट्रेशन' असा स्वतंत्र शब्द आहे. त्याची घडण लॅटिन असून 'दे' म्हणजे 'पासून' आणि 'फेनेस्त्रा' म्हणजे खिडकी. जर्मन 'फेन्स्टर' आणि फ्रेंच 'फनेत्र' हे याच फेनेस्त्राचे वंशज. मध्ययुगीन इंग्रजीतही 'फेनेस्टर' काही काळ वावरत होता, परंतु स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर आलेल्या 'विंदाउगा'ने, म्हणजे 'वाऱ्याच्या डोळ्या'ने, त्याची जागा बळकावली आणि त्याचाच पुढे 'विंडो' झाला. (आपल्या 'वातायन' शब्दात वारा आहे आणि 'गवाक्ष' शब्दात डोळा, हा योगायोग असला तरी गमतीचा आहे.)

रोजच्या बोलण्यातून हद्दपार झालेली फेनेस्त्रा विद्वानांच्या लॅटिनमध्ये टिकून राहिली आणि सतराव्या शतकात इंग्रजीत परतली, ती प्राग शहरामुळे. तिथे १४१९ साली हुसपंथीयांच्या, म्हणजे धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांच्या, जमावाने नगरसभागृहावर चाल करून नगराधिकाऱ्यांना खिडक्यांतून खाली फेकले होते. शब्द रूढ झाला तो मात्र २३ मे १६१८ रोजीच्या प्रसंगामुळे. प्रॉटेस्टंटांना १६०९ च्या सनदेने मिळालेले धार्मिक हक्क पायदळी तुडवले जात आहेत, या रागाने त्यांचे सरदार प्रागच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी मार्टिनित्स व स्लावाता या पवित्र रोमन सम्राटाच्या दोन कॅथलिक प्रतिनिधींना, आणि पाठोपाठ फाब्रिसिउस या त्यांच्या चिटणिसाला, सुमारे ७० फूट उंचीवरून खाली लोटले. स्लावाता खिडकीच्या कडेला लोंबकळत राहिला, तेव्हा त्याच्या बोटांवर प्रहार करून पकड सोडवावी लागली, असे सांगतात. तिघेही वाचले. कॅथलिकांनी त्याचे श्रेय मेरीमातेला दिले, तर प्रॉटेस्टंटांनी खालच्या उकिरड्याला. फाब्रिसिउसला पुढे सरदारकी मिळाली आणि तिच्याबरोबर 'फॉन होहेनफाल', म्हणजे 'उंच पतनाचा', हे बिरूदही. देणाऱ्याची विनोदबुद्धी दाद देण्याजोगी खरी. याच घटनेतून युरोपातील 'तीस वर्षांच्या युद्धा'ला तोंड फुटले.

आज हा शब्द एखाद्या नेत्याला पदावरून तडकाफडकी दूर करण्यासाठीही वापरतात. संगणकातून 'विंडोज' काढून टाकण्यालाही काही संगणकतज्ज्ञ थट्टेने 'डिफेनेस्ट्रेशन'च म्हणतात. तिथे विंदाउगाला बाहेर काढण्याचे काम अखेर फेनेस्त्राकडेच आले आहे.