वीज कंपनीने ‘व्यावसायिक गोपनीय’ म्हणून माहिती नाकारली तर काय करायचे: कलमे, अर्ज आणि अपील

गावातली डीपी (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) जळते, दुरुस्त होऊन येते आणि हंगाम संपायच्या आत पुन्हा जळते. मग कोणीतरी माहिती अधिकारात विचारतो: दुरुस्ती कोणत्या एजन्सीने केली, कोणत्या दराने केली, रोहित्र हमीच्या काळात जळले असेल तर दुसऱ्यांदा बिल का निघाले? उत्तर बऱ्याचदा एका ओळीचे असते. ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित व वाणिज्यिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(घ) नुसार देता येत नाही.’ (काही पत्रांत हेच कलम ‘८(१)(डी)’ असे लिहिलेले असते.) अर्जदार इथेच हात टेकतो. टेकायचे कारण नाही, कारण एवढ्या एका ओळीवर नकार टिकत नाही.

आधी कलम काय म्हणते ते पाहू. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या या कलमात वाणिज्यिक विश्वास, व्यापारी गुपिते आणि बौद्धिक संपदा यांना संरक्षण आहे, पण अटीवर. माहिती उघड झाल्याने त्रयस्थ पक्षाच्या (अर्जदार आणि वीज कंपनी सोडून तिसऱ्या कोणाच्या, इथे दुरुस्ती करणाऱ्या एजन्सीच्या) स्पर्धेतल्या स्थानाला बाधा पोहोचणार असेल, तरच ती नाकारता येते. आणि बाधा पोहोचणार असली तरी व्यापक जनहितासाठी देणे गरजेचे वाटले तर ती द्यावी, हेही त्याच वाक्यात आहे. म्हणजे माहिती ‘वाणिज्यिक’ आहे एवढे म्हणून भागत नाही. कोणाचे, काय आणि कसे नुकसान होणार, हे सांगावे लागते. फायलीवर ‘गोपनीय’ असा शिक्का असणे किंवा करारात गोपनीयतेचे कलम असणे, हे त्याचे उत्तर होत नाही. कलम २२ नुसार इतर कायद्यांतल्या विसंगत तरतुदींपेक्षा माहिती अधिकार वरचढ ठरतो. दोघांनी आपसात केलेल्या कराराची काय कथा!

अर्थात काही माहिती खरोखरच या कलमात बसते. उत्पादकाचे तांत्रिक आराखडे, निर्मितीची पद्धत, दराच्या आतले खर्चाचे गणित, न उघडलेल्या निविदा. एखाद्या कारखान्याचा महिनावार वीजवापर हेही चांगले उदाहरण आहे. त्या आकड्यांवरून कारखान्यात किती पाळ्या चालतात याचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला सहज बांधता येतो. अशी माहिती नाकारली तर अधिकाऱ्याला दोष देता येणार नाही.

पण कंत्राट एकदा दिले गेले की चित्र पालटते. झारखंड उच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की निविदेचा निकाल लागून कंत्राट दिल्यानंतर निविदेची कागदपत्रे या कलमाखाली दडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सनदी लेखापालांच्या परीक्षेसंबंधीच्या निकालात हाच कालाचा मुद्दा मांडला: प्रश्नपत्रिका परीक्षेआधी गोपनीय, परीक्षा झाल्यावर नाही. अपिलात या दोन्हींचा उल्लेख जरूर करा. कार्यादेश, मंजूर दर, निविदांचा तुलनात्मक तक्ता, मोजमाप पुस्तिका, दिलेली बिले, केलेली दंडवसुली हे सगळे सार्वजनिक पैशाच्या खर्चाचे कागद आहेत.

वीज खरेदी करारांबाबत तर महाराष्ट्राने पुरेशी किंमत मोजली आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, तेव्हा माहिती अधिकार नव्हता, आणि त्यातल्या अटींवर राज्य पुढे वर्षानुवर्षे भांडत राहिले. आता विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६३ खाली केंद्राने २००५ मध्ये काढलेल्या स्पर्धात्मक निविदांच्या मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटले होते की यशस्वी बोलीदाराशी झालेले करार जाहीर करावेत आणि इतर बोली नावे न देता तुलनेसाठी मांडाव्यात. कोणी ‘खरेदी दर गोपनीय’ म्हणाले तर हे दाखवा.

अर्ज कोण करू शकतो? कोणताही भारतीय नागरिक. संस्थेच्या किंवा कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज करून वाद ओढवून घेऊ नका, स्वतःच्या नावाने करा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) नुसार संपर्कापुरता तपशील पुरतो. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या राज्य विद्युत मंडळाच्या २००५ मधल्या विभाजनातून झालेल्या सरकारी कंपन्या आहेत, त्यामुळे त्यांना कायदा लागू होतो यात शंका नाही.

लागणारी कागदपत्रे फार नाहीत. ‘जोडपत्र अ’ नमुन्यातला अर्ज आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पुढची सगळी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा. म्हणून ‘भ्रष्टाचार का झाला’ असे प्रश्न विचारण्यात शब्द घालवू नका, थेट कागद मागा. साधारण असे:

‘विषय: अमुक मंडलातील रोहित्र दुरुस्तीचे कंत्राट. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: दरपत्रकासह कार्यादेश, निविदांचा तुलनात्मक तक्ता, हमी कालावधीत पुन्हा नादुरुस्त झालेल्या रोहित्रांची यादी, एजन्सीची मंजूर बिले व दंडवसुलीच्या नोंदी. यातील एखादा भाग कलम ८ खाली येत असल्यास कलम १० नुसार तेवढा वगळून उर्वरित माहिती द्यावी.’

शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी. एजन्सीच्या बँक खात्याचा क्रमांक झाकून बिलाची प्रत देता येते. खाते क्रमांक आहे म्हणून अख्खे बिल रोखता येत नाही. फाइल जाडजूड असेल तर प्रतींऐवजी अभिलेखांची पाहणी मागा. पाहणीचा पहिला तास मोफत असतो, आणि नेमके कोणते पान हवे ते तिथे कळते. प्रती दोन रुपये पानाने मिळतात.

आता त्रयस्थ पक्षाची भानगड. एजन्सीने दिलेली आणि तिने गोपनीय मानलेली माहिती देण्याचा विचार असेल, तर कलम ११ प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने (अर्जावर निर्णय देणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने) अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत तिला लेखी कळवायचे असते. म्हणणे मांडायला तिला नोटिशीपासून दहा दिवस मिळतात. या प्रकरणात निर्णयाची मुदत नेहमीच्या तीसऐवजी चाळीस दिवस होते. एजन्सी ‘देऊ नका’ म्हणाली म्हणजे विषय संपला असे बऱ्याच कार्यालयांत धरले जाते, ते चूक आहे. तिचे म्हणणे विचारात घ्यायचे असते, निर्णय अधिकाऱ्याचाच. नकारपत्रात एजन्सीच्या हरकतीचा उल्लेख असेल, तर तिला पाठवलेली नोटीस आणि तिचे उत्तर या दोन्हींच्या प्रती मागा. नोटीसच गेली नव्हती असेही निघते.

नकार आला किंवा मुदत उलटून गेली की तीस दिवसांत पहिले अपील, ‘जोडपत्र ब’ आणि वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, त्याच कंपनीच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. त्यात लांबलचक कैफियत नको. स्पर्धात्मक नुकसान काय ते सांगितलेले नाही, जनहिताचा विचार केलेला नाही, कलम १० वापरलेले नाही, एवढे तीन मुद्दे पुरतात. कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची आहे, तुमची नव्हे. हे अपील तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाली निघायला हवे.

तिथेही निभाव लागला नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे ‘जोडपत्र क’मध्ये दुसरे अपील. तिथे सुनावणीची तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी कंटाळा न करता गाठावी. विनाकारण माहिती रोखणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड करू शकतो. आणि प्रकरण वीस वर्षांहून जुने असेल तर कलम ८(३) मुळे व्यावसायिक गोपनीयतेचा आधार उरतच नाही.

मुंबईत अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर खासगी कंपनीकडे अर्ज करण्यापेक्षा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे करा. कोणत्याही कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही कलम २(च) प्रमाणे ‘माहिती’च आहे. मात्र अर्जाआधी आयोगाच्या संकेतस्थळावरचे दरनिश्चितीचे आदेश चाळा. कंपनीने किती खर्च मागितला आणि आयोगाने किती मान्य केला, हे त्यात खात्यानिहाय दिलेले असते.